श्वासाकडे लक्ष दिल्यानं पूर ओसरतो का?

कृष्णाकाठची
मी सांगलीची. जुलै लागला की आमच्याकडे घरोघरी एकच प्रश्न: आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा धोक्याच्या कितीतरी वर. तेव्हापासून कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की माझी झोप उडते. वरच्या मजल्यावर काय काय न्यायचं याची यादी डोक्यात सुरू होते.

गेली काही वर्षं ध्यानाच्या एका गटात जाते आहे. खरंच फरक पडला. पावसाचा आवाज ऐकून पूर्वी छातीत धडधडायचं, ते आता फार वेळ टिकत नाही. पण आमच्या गटात एक वाक्य सारखं कानावर येतं: "बाहेरचं हवामान बिघडलंय, कारण माणसाचं आतलं बिघडलंय. आत बदला, बाहेरचं आपोआप बदलेल." या 'आपोआप'पाशी मी अडते. माझी कॉलेजातली मुलगी तर सरळ म्हणते, "आई, तू दुखणं विसरायची गोळी घेतेयस."

तर मंडळी, मनापासून विचारते. हवामानाच्या संकटावर आतला बदल हा उपाय आहे, की फक्त सोसायची ताकद आहे? ज्यांनी ध्यान केलंय, चळवळ केलीय, दोन्ही केलंय किंवा यातलं काहीच केलेलं नाही, सगळ्यांनी लिहा.

सह्यधार
छान धागा. विपश्यना केली आहे, सविस्तर लिहितो.

शंकासुर
ताई, तुमच्या मुलीशी मी सहमत आहे.

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. त्यानंतर गाळ काढायचा प्रश्न कुणाच्या आतल्या बदलानं सुटला नाही. लोक साखळी उपोषणाला बसले, निवेदनं दिली, अधिकाऱ्यांना नदीपात्रात आणून उभं केलं, तेव्हा कुठे नदीतून गाळ निघायला लागला.

दुसरं म्हणजे, 'प्रत्येकानं आधी स्वतःला बदलावं' हे वाक्य कुणाच्या सोयीचं आहे ते बघा. माणसामाणसाचा कार्बन मोजायची कल्पना घरोघरी पोचवण्यात बीपी या तेलकंपनीचा मोठा वाटा होता. २००४ मध्ये त्यांनी संकेतस्थळावर गणकयंत्रच ठेवलं: तुमचा हिशेब तुम्ही करा. तेल उपसणारे राहिले बाजूला, आणि आपण दिवे बंद करत बसलो. आपल्या देशातली साधारण तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावर होते. माझं मन कितीही निर्मळ झालं तरी माझ्या पंख्यात येणारी वीज कोळशाचीच राहणार.

गवतीचहा
शंकासुर, पण साखळी उपोषणाला बसणं हेही बसणंच की! :)

शंकासुर
गवतीचहा, हे आवडलं. तिथे डास मात्र ध्यानकेंद्रापेक्षा जास्त होते.

अबोली_८
मी समुपदेशक आहे, बरीचशी मुलं कॉलेजची येतात. 'गोळी' या शब्दाबद्दल लिहायचं आहे.

२०२१ मध्ये लॅन्सेटच्या एका नियतकालिकात मोठा अभ्यास आला. १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० मुलामुलींना हवामानबदलाबद्दल काय वाटतं ते विचारलं होतं, त्यात भारतही होता. ५९ टक्क्यांना फार किंवा अतिशय काळजी वाटत होती. ४५ टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं की या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो. आणखी एक गोष्ट त्यात होती, जी मला रोज समोर दिसते. या मुलांच्या त्रासाचा संबंध 'सरकारं पुरेसं करत नाहीत, आम्हाला वाऱ्यावर सोडलंय' या भावनेशी होता. म्हणजे भीती फक्त पुराची नाही. मोठी माणसं बघत असूनही काही करत नाहीत, याची आहे.

अशा मुलाला "शांत हो, दीर्घ श्वास घे" इतकंच सांगून परत पाठवणं हे मला अन्यायाचं वाटतं. त्याला झालेलं दुःख खोटं नाही, आजारही नाही. पण उलट टोकही मी पाहिलंय. रात्रभर बातम्या वाचणारी, सगळ्या मोर्चांना जाणारी आणि वर्षभरात पूर्ण विझून जाणारी मुलं. त्यांना दुःखापाशी थांबता येत नाही, म्हणून ती धावत राहतात.

अमेरिकेत जोआना मेसी नावाच्या बौद्ध अभ्यासक होत्या, २०२५ च्या जुलैत ९६ व्या वर्षी गेल्या. अणुयुद्धाच्या भीतीच्या काळापासून त्या लोकांना गोल बसवून काम करत. क्रम ठरलेला: आधी कृतज्ञता, मग जगासाठी वाटणारं दुःख उघडपणे बोलणं, मग नव्या नजरेनं बघणं, आणि शेवटी कामाला लागणं. त्यातला दुसरा टप्पा आपण नेहमी गाळतो. घरात कुणी म्हणालं "मला भीती वाटते", तर आपण लगेच म्हणतो, "काही होत नाही गं." कृष्णाकाठची, तुम्ही आणि मुलगी या भीतीबद्दल एकमेकींशी बोलला आहात का? वाद घालायला नाही, नुसतं बोलायला.

रानजाई
अबोली, +१११. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

तांबडी_माती
धागा वाचतोय. आम्ही सीना काठचे. २०२५ च्या सप्टेंबरात जे झालं ते पेपरात वाचलं असंल. दुष्काळी म्हणून वळख असलेल्या भागात नदी रानात शिरली. पीक गेलं ते गेलंच, माती पण गेली. खरडून गेलेल्या रानात खाली मुरूम दिसतोय. पीक पुढच्या साली येतं, माती कवा येणार?

ध्यानाचं मला कळत नाही. पण पाणी उतरल्यावर आमच्या गावात सप्ताह झाला, दरवर्षीसारखा. काही लोक म्हणले, औंदा नको, खर्च कशाला. म्हातारी माणसं म्हणली, औंदाच पायजे. रोज सांजच्याला कीर्तनाआधी माणसं टेकायची आणि बोलायची. कुणाचा पंचनामा राहिला, कुणाची मोटर वाहून गेली, कुणाचं पोरगं बोलत नाही. एका घरावर लक्ष ठेवाया पायजे हे तितंच कळलं. नाव लिहीत नाही. आज ते घर नीट हाय.

याला कुणी आतला बदल म्हणा, नायतर बाहेरचा. मला दोन्ही एकच दिसतंय.

कृष्णाकाठची
तांबडी माती दादा, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. लिहित राहा.

अबोली, नाही बोललो. आमचं बोलणं सुरू झालं की दहा मिनिटांत वाद होतो.

सह्यधार
इगतपुरीला धम्मगिरी आहे, विपश्यनेचं १९७६ पासूनचं केंद्र. सत्यनारायण गोयंकांनी ब्रह्मदेशातून परत आणलेली ही साधना. दहा दिवस मौन, शुल्क नाही, आधीच्या साधकांच्या दानावर सगळं चालतं. या शेवटच्या गोष्टीबद्दल फार बोललं जात नाही, पण मला तीच महत्त्वाची वाटते. तुमचं जेवण, अंथरूण कुणीतरी अनोळखी माणसानं तुमच्यासाठी देऊन ठेवलेलं असतं. घेणारा म्हणून दहा दिवस राहिलं की खरेदी करणारा म्हणून जगायची सवय थोडी सैल होते.

साधनेत काय होतं? अंगावर खाज आली तर खाजवायचं नाही, बघायचं. 'हवं' आणि 'नको' मनात कसं उठतं आणि प्रतिक्रिया दिली नाही तर कसं विरतं, हे बघत राहायचं. यातून माझ्यात झालेला बदल असा की वस्तू घेण्याची ओढ कमी झाली. मी कुठलाही संकल्प केला नव्हता. फोन जुना झाला की नवा घ्यावा असं वाटणंच मंदावलं. आज जगभर जे जळतंय ते शेवटी कुणाच्या तरी 'हवं'साठी जळतंय. त्यामुळे शंकासुर, ओढ कमी होणं ही छोटी गोष्ट नाही.

तरीही 'आपोआप' मलाही पटत नाही. दहा दिवस मौन पाळून पुढच्या महिन्यात विमानानं दोन दिवसांच्या सहलीला जाणारे साधक मला माहीत आहेत. साधना नजर देते. कुठे बघायचं हे ती ठरवत नाही.

पाटपाणी
इगतपुरीचा विषय निघालाच आहे तर अवांतर: त्या तालुक्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर बाया डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात. धरणं आहेत, पाणी शहरांना जातं. ध्यानाला गेलेल्यांनी परतताना एखाद्या पाड्यावर थांबून बघावं. हे टोमण्यानं लिहीत नाही, खरंच बघावं.

सह्यधार
पाटपाणी, बरोबर आहे. केंद्रात असताना आम्ही बाहेर पडत नाही, पण परतीच्या वाटेवर थांबायला कुणाची बंदी नाही.

दूरदेशी
मी स्टॉकहोमला असते. इकडे सध्या या विषयाची मोठीच लाट आहे, म्हणून लिहिते.

'आंतरिक विकासाची उद्दिष्टं' नावाचा उपक्रम इथूनच सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आहेत, ती गाठण्याची कुवत माणसांच्या आतच तयार नाही, मग आधी ती वाढवू, असा त्यांचा विचार. असणं, विचार करणं, नातं जोडणं, सहकार्य आणि कृती असे पाच गट केले आहेत. विचार चुकीचा नाही. पण कंपन्यांना तो फार आवडतो याची मला धास्ती वाटते, कारण 'असणं'पासून सुरुवात केली की 'कृती'पर्यंत पोचायला कितीही वर्षं लागू शकतात.

उलट उदाहरणही देते. क्रिस्तियाना फिगेरेस. २००९ ची कोपनहेगन परिषद फसल्यावर पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारविषयक कामाची सूत्रं त्यांच्याकडे आली. सगळे देश एकमेकांवर चिडलेले. त्याच काळात त्यांच्या खाजगी आयुष्यातही मोठं संकट होतं. व्हिएतनामी भिक्खू थिक न्यात हान यांच्या शिकवणीनं आपल्याला सावरलं, समोरच्याचं खोलवर ऐकायला शिकवलं, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. १२ डिसेंबर २०१५ ला पॅरिस करार झाला. ध्यानामुळे करार झाला असं मी म्हणत नाही. पण सहा वर्षं रोज अपमान, अडवणूक सोसत टेबलापाशी टिकून राहायला त्या बाईंना काहीतरी लागलं, ते त्यांना तिथे मिळालं.

शंकासुर, एक आकडा तुमच्यासाठी. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात म्हटलंय की लोकांच्या वापराच्या बाजूनं, म्हणजे खाणं, प्रवास, घरं यांतल्या बदलांनी, २०५० पर्यंत उत्सर्जन ४० ते ७० टक्के कमी होऊ शकतं. तेव्हा माणसाचं वागणं अगदीच किरकोळ नाही.

शंकासुर
दूरदेशी, आकडा मान्य. पण त्याला जोडलेल्या अटी वाचा: योग्य धोरणं, सोयी आणि तंत्रज्ञान असतील तर. बस वेळेवर येत असेल तर माणूस बसनं जाईल. बसच नसेल तर त्याच्या सजगतेचा उपयोग काय? आणि बस मागायला नगरपालिकेच्या दारातच जावं लागतं.

विदर्भी_ऊन
चंद्रपूरहून. इकडे मे महिन्यात पारा ४७-४८ ला जातो. शहराला लागून २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, भोवती कोळशाच्या खाणी. वीज राज्यभर जाते, राख आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते.

भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला चौदाच्या आसपास. आणि आपल्या दोनातही माझ्या घरी भांडी घासायला येणारी ताई आणि मुंबईतल्या टॉवरमधला साहेब एकाच सरासरीत मोजले जातात. म्हणून 'माणसाचं आतलं बिघडलंय' हे वाक्य मला टोचतं. कोणत्या माणसाचं? दुपारी दोनला रस्त्यावर गिट्टी टाकणाऱ्या बाईनं आत काय बदलायचं? तिला सावली, पाणी आणि सकाळी लवकर सुरू होणारी पाळी पाहिजे.

बदलायला हवं ते वर बसलेल्यांनी. त्यांनी जरूर ध्यान करावं. पण खाणीशेजारच्या गावात येऊन.

गवतीचहा
विदर्भी ऊन, असं शिबिर निघालं तर स्वयंपाकाची सेवा माझी. मेन्यू: अंबाडीचं शरबत आणि ताक.

रानजाई
आंबील विसरू नका.

तांबडी_माती
सह्यधार, ते 'हवं' कमी व्हायचं लिहिलंय, त्यावर. आमच्याकडं ऊस हाच 'हवं' हाय. पाणी पितोय, रान चोपन करतोय, समद्यांना ठाव हाय. पण ऊस सोडायचा म्हणलं तर नुसतं मन बदलून भागत नाही. कारखाना ठरल्या भावानं न्यायला येतो, ज्वारी कोण नेतंय? मी दोन एकर ऊस काढून तूर-ज्वारी केली. ज्या साली भाव पडला त्या साली घरात बोलणी खाल्ली. तरी परत ऊस लावला नाही. का, ते सांगता येत नाही. रान बघून बरं वाटतं.

पाटपाणी
दादा, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर हिवरे बाजारनं दिलंय. नगर जिल्ह्यातलं दुष्काळी गाव. पोपटराव पवार तिथे ऐंशीचं दशक संपताना सरपंच झाले. पाणलोटाची कामं खूप गावांनी केली, पण इथे वेगळं हे की गावानं पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. किती पाऊस झाला, माणसांना-जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणती पिकं बसतात, हे ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर नाही. ऊस, केळी नाही. पाऊस कमी तर रब्बीचं क्षेत्र कमी.

आता यात आतला बदल कुठे आणि नियम कुठे, हे वेगळं काढून दाखवा. मन तयार नसतं तर नियम पहिल्याच वर्षी मोडला असता. नियम नसता तर एकट्यादुकट्याचं तयार मन शेजाऱ्याच्या बोअरपुढे हरलं असतं. दादांनी एकट्यानं ऊस सोडला आणि बोलणी खाल्ली. अख्ख्या गावानं सोडला असता तर बोलणी खावी लागली नसती. वाईट वर्षाचा भार सगळ्यांनी वाटून घेतला असता.

घाटवाट
देवरायांचं उदाहरण इथे बसतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तकांनी सत्तरच्या दशकात आपल्याकडच्या देवरायांचा अभ्यास केला. पिढ्यान् पिढ्या लोकांनी तिथली काटकी उचलली नाही. श्रद्धा हेच कुंपण. पण श्रद्धेचं रूप बदललं तशा राया गेल्या. कित्येक ठिकाणी देवाला मोठं देऊळ हवं म्हणून देवाचंच रान तोडलं. भक्ती कमी झाली नव्हती, ती झाडांवरून सिमेंटवर गेली. म्हणजे नुसत्या आतल्या भावावर विसंबून चालत नाही.

थायलंडमध्ये भिक्खूंनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जंगलतोड थांबवायला मोठ्या झाडांना भगवी चिवरं गुंडाळून प्रव्रज्या द्यायला सुरुवात केली. दीक्षा दिलेल्या झाडावर कुऱ्हाड घालायला कुणाचा हात धजत नाही. तिथे श्रद्धा आणि आंदोलन एकाच माणसाच्या अंगात होतं.

मोहफूल
गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचा उल्लेख अजून कसा नाही? "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यामागची कामाची रीत कमी जणांना.

तिथे निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचा विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. आणि ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट. तिथे कुठलाही निर्णय घ्यायचा नसतो, फक्त समजून घ्यायचं. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत वर्षानुवर्षं जोपासली. २००९ मध्ये गावाला साधारण १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतरही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी २०११ पर्यंत झगडावं लागलं.

मी तिथल्या बैठकीला बसले आहे. कुणी बोलत असताना मध्ये कुणी तोंड घालत नाही. बोलून झाल्यावरही थोडा वेळ सगळे गप्प असतात. शहरात ज्यासाठी आपण शिबिराला जातो, ते ऐकणं तिथे जंगलाचा कारभार चालवायला वापरतात. कृष्णाकाठची, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. शांत मन एकट्यानं घरी ठेवलं तर ती सोसायची ताकद. दहा माणसांच्या बैठकीत आणलं तर त्यातून निर्णय निघतो.

शंकासुर
मोहफूल, हे पटतंय. तरी माझा मुद्दा सोडत नाही. मेंढा-लेखानं शांतपणे ऐकलं हे खरं, पण झगडाही सोडला नाही. वनहक्क कायद्याचा कागद हातात नसता तर नुसतं ऐकून जंगल मिळालं नसतं. आमच्या उपोषणात मात्र एक उणीव होती, ती इथे वाचताना लक्षात येतेय. गाळ निघाल्यावर आम्ही पांगलो. पुढच्या पावसाळ्याआधी एकत्र बसून 'आता काय' हे कुणी विचारलं नाही.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी सांगते.

अबोलीचं वाचून मुलीशी बोलले. या वेळी मी काही समजावलं नाही. ती म्हणाली, "२०१९ ला आपण गच्चीवर होतो तेव्हा तू सारखी म्हणत होतीस काही होणार नाही. मला दिसत होतं की होतंय." मला हे माहीतच नव्हतं. आम्ही दोघी बराच वेळ बसलो.

दुसरं, आमच्या गटात विषय काढला की बसून झाल्यावर पावसाळ्याच्या तयारीचं बोलू या. गट चालवणाऱ्या काकांना ते आवडलं नाही. साधनेत गल्लीचे प्रश्न नकोत म्हणाले. वाईट वाटलं, पण वाद घातला नाही. गटातल्या चौघीजणी आणि मुलीच्या दोन मैत्रिणी अशा आम्ही आता आमच्याच घरी जमतो. आधी थोडं शांत बसतो, मग गल्लीची यादी करतो. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाचं इन्सुलिन आहे, गरोदर कोण आहे, गच्चीची किल्ली कुणाकडे, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये घातली का, घर सोडायचं ते किती फुटांना. घर सोडायचा आकडा आधीच ठरवल्यानं सगळ्यांनाच हलकं वाटलं. पूररेषेतल्या नव्या बांधकामांबद्दल महापालिकेत माहितीचा अर्ज मुलगी टाकतेय.

अबोली_८
मुलीचं वाक्य वाचून डोळे भरले. तिला माझा नमस्कार सांगा.

विदर्भी_ऊन
असा आकडा आम्हीही ठरवायला हवा. किती तापमानाला बाहेरची कामं बंद. ठेकेदारांसोबत बसावं लागेल.

तांबडी_माती
ताई, यादीत जनावरं घ्या. तुमच्या गल्लीत नसतील तर शेजारच्या वाडीत असतील. २०१९ ला कितीतरी माणसं घर सोडत नव्हती ती गोठ्यातल्या म्हशीपायी. आधी जनावराची जागा ठरली की माणूस निघतो. चारा कुठं ठेवायचा, दावं कोण सोडणार, तेबी लिहून ठेवा. आणि तुमची यादी हितं टाका, आमच्या गावाला उपयोगी पडंल.

कृष्णाकाठची
दादा, हे सुचलंच नव्हतं. नदीकडच्या मळ्यातले दोन गोठे आमच्याच वाटेवर आहेत. रविवारी जाऊन विचारते आणि पूर्ण यादी इथे टाकते.